स्थावर मालमत्तेचे मूल्यांकन

जमीन, इमारत किंवा सदनिका यांची ठरावीक तारखेची व ठरावीक कामापुरती किंमत तज्ज्ञाने पुराव्यानिशी काढण्याची प्रक्रिया. खरेदी-विक्री, कर्जाचे तारण, वाटणी, भांडवली नफ्यावरील कर व भूसंपादन ही तिची नेहमीची प्रयोजने. काम बदलले की आकडाही बदलू शकतो. बँकेसाठी केलेला अहवाल मालकाने वाटणीत पुढे करणे म्हणूनच धोक्याचे.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर व पुढे शिवाजी महाराजांचे सचिव अण्णाजी दत्तो यांच्या जमीनपाहणीत या विद्येचा उगम पाहता येईल. परंतु तीत होणारी प्रतबंदी, म्हणजे जमिनीची प्रतवारी, सारा बसविण्यासाठी होती, विक्रीकिंमत काढण्यासाठी नव्हे. आजच्या अर्थाचे मूल्यांकन मुख्यतः भूसंपादन अधिनियम, १८९४ खालील दाव्यांतून घडले, हे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. राजीखुशीने विकणारा आणि राजीखुशीने घेणारा यांच्यात जुळेल ती किंमत, ही कसोटी प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील अंतिम अपील न्यायालयाने, १९३९ मध्ये विशाखापट्टणमच्या प्रकरणात विशद केली. पुण्यातील जमिनीच्या चिमणलाल हरगोविंददास खटल्यात (१९८८) सर्वोच्च न्यायालयाने तुलनेची रीत घालून दिली : काळाने व जागेने जवळचे खरे व्यवहार घ्यावेत, रस्त्यालगतची दर्शनी बाजू, नियमित आकार जमेस धरावा, खोलगटपणा, आडबाजू वजा करावी. लहान भूखंडाचा दर मोठ्या जमिनीला लावताना रस्ते व मोकळ्या जागांपोटी साधारण २० ते ५० टक्के कपात त्यात सुचविली आहे.

तुलनेखेरीज खर्च व उत्पन्न या दोन पद्धती रूढ आहेत. खर्च पद्धतीत आजच्या बांधकामखर्चातून घसारा, म्हणजे झीज, वजा करून उरेल ती रक्कम जमिनीच्या किमतीत मिळवितात. सलोह काँक्रीटच्या इमारतीचे आयुष्य ६० वर्षे व भंगारमूल्य १० टक्के धरल्यास उरलेले ९० टक्के ६० वर्षांत समान विभागून ३० वर्षांच्या इमारतीचा घसारा ४५ टक्के येतो. उत्पन्न पद्धत भाड्यावर उभी असते. मुंबईतील पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम घेऊन भाड्याने दिलेल्या, चाळींत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठविल्यामुळे तिने येणारी किंमत फारच अल्प ठरते.

शीघ्रसिद्धगणक, म्हणजे बोलीतील ‘रेडी रेकनर’, आणि बाजारमूल्य यांची गल्लत सर्रास होते. महाराष्ट्रात या वार्षिक दरतक्त्यांना १९९५ च्या मुद्रांक नियमांचा आधार आहे. त्यांचे काम मुद्रांक शुल्क आकारण्याचे. अशा तक्त्यावरून भूसंपादनाचा मोबदला ठरविता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जावजी नागनाथम प्रकरणात (१९९४) म्हटले. आयकराने मात्र त्याला वजन दिले. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ५०-सी ने मुद्रांकमूल्य, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी धरलेले मूल्य, विक्रीकिमतीहून १० टक्क्यांपेक्षा अधिक असल्यास तेच मोबदला म्हणून धरण्याचे ठरविले. ते बाजारभावापेक्षा जास्त आहे असा दावा करून प्रकरण मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठविण्याची मागणी करण्याचा हक्कही त्याच कलमाने दिला. तो बजावणे मालकाच्या हिताचे असते. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या वडिलोपार्जित घरासाठी त्या दिवसाचे मूल्य खरेदीकिंमत म्हणून घेण्याची मुभाही याच अधिनियमात होती. मूल्यांकनकाराला अशा वेळी दोन दशकांपूर्वीची खरेदीखते धुंडाळावी लागतात.

संपत्तिकर अधिनियम, १९५७ च्या कलम ३४-एबी खाली मूल्यांकनकारांची नोंदणी होत असे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या प्रयोजनांसाठी २०१७ च्या नियमांनुसार वेगळी नोंदणी आहे.

अहवाल वाचताना चटईक्षेत्र (भिंतींच्या आतील वापराचे क्षेत्र) धरले की बांधीव क्षेत्र (भिंतींसह), जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतरावर सरकारी निर्बंध असलेली, आहे काय, आणि तुलनेचे व्यवहार कोणते, हे प्रथम पाहावे. गावठाणातील घरांच्या विक्रीचे दाखले थोडे सापडतात. तेथे खर्च पद्धतीवरच भिस्त ठेवावी लागते.