सायकल ट्रॅकचं गाड्यांपासून संरक्षण (मुंबई)

सायकल ट्रॅक म्हणजे रस्त्याचा सायकलींसाठी राखलेला पट्टा, पण मुंबईत नुसता राखून भागत नाही, गाड्या आत शिरणार नाहीत अशी खरीखुरी आडकाठी लागते. पांढरी रेघ मारून वर सायकलचं चित्र काढलं की काम झालं असं कागदावर दिसतं, प्रत्यक्षात तिथे टेम्पो लागतो. सायकल ट्रॅकवर पोलिसाच्या परवानगीशिवाय मोटारगाडी घालायची नाही असा नियम आहेच, पण तो पाळून घ्यायला प्रत्येक नाक्यावर हवालदार कुठून आणणार.

बीकेसीचं, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसांच्या भागाचं, उदाहरण सगळ्यांना माहितीये. एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) २०११ च्या आसपास तिथे ट्रॅक केला, तो पुढे पार्किंग म्हणूनच वापरला गेला आणि शेवटी गाड्यांना लेन वाढवून द्यायची म्हणून तो काढायचंच ठरलं.

कार अडवणं तसं सोपं असतं, उंच कर्ब (रस्त्याच्या कडेची दगडी किंवा सिमेंटची कड) किंवा दीडेक मीटरवर बोलार्ड (जमिनीत रोवलेले आखूड खांब) लावले की झालं. खरी डोकेदुखी बाईक आणि स्कूटरची. त्या अडतील इतकी फट अरुंद केली तर डबे लटकवलेली डबेवाल्याची सायकलही अडकते, दूधवाल्याची पण, आणि नेमके हेच लोक रोज सायकल चालवतात, रविवारी हेल्मेट घालून निघणारे नाहीत. म्हणून बोलार्डपेक्षा सलग उभ्या कडेचा कर्ब आणि आत-बाहेर जायला मोजकीच तोंडं हा उपाय बरा, उतरता कर्ब ठेवला तर बाईकवाला चढवणारच. ट्रॅकशेजारी पार्किंग असेल तर मध्ये दार उघडेल एवढी जागा सोडावी लागते, नाहीतर कुणीतरी मागे न बघता दार उघडतो आणि सायकलवाला थेट त्यावर आदळतो.

नाक्यावर मात्र कर्ब संपतो आणि धोका तिथेच जास्त. डावीकडे वळणाऱ्या ट्रक किंवा डंपरच्या ड्रायव्हरला बाजूची सायकल दिसत नाही. यावर उपाय म्हणजे वळणाचा कोपरा आवळायचा म्हणजे गाडीला स्पीड कमी करावाच लागतो, ट्रॅकचं क्रॉसिंग स्पीड ब्रेकरसारखं उचलून घ्यायचं, आणि सायकलींची थांबायची रेघ गाड्यांच्या पुढे आखायची. बेस्टच्या स्टॉपजवळ ट्रॅक स्टॉपच्या मागून न्यावा लागतो, नाहीतर बस कडेला घेताना सायकलवाल्याला दाबणार आणि तो बिचारा उतरणाऱ्या पब्लिकमध्ये घुसणार.

गाड्यांपासून पूर्ण लांब जायचा मार्गही महापालिकेने धरला, पाण्याच्या तानसा पाइपलाइनच्या कडेने मुलुंडपासून ३९ किलोमीटरचा ट्रॅक आखला, कल्पना चांगली होती पण पाइपलाइन जाते तिकडेच माणसाला जायचं असतं असं थोडंच आहे. पवई तलावाकाठचा ट्रॅक तर मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला, कारण तो तलावाच्या हद्दीत येत होता. सी लिंक आणि कोस्टल रोडच्या गाड्यांच्या रस्त्यावर सायकलला बंदीच आहे, म्हणजे वांद्र्याहून वरळीला सायकलने जायचं तर माहीमवरून गाड्यांच्या गर्दीतूनच जावं लागतं.