अल्फा ०.९४ आला, पण मोजले काय?

नैराश्य मोजण्यासाठी दहा विधानांची प्रश्नावली तयार केली, असे समजा. ‘मला उदास वाटते’, ‘माझे मन खिन्न असते’, ‘मला आनंद वाटत नाही’, सगळी याच धाटणीची. दोनशे जणांकडून भरून घेतली, क्रॉनबॅकचा अल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा, बहुधा ० ते १ मधला आकडा काढला, तो ०.९४ आला. प्रबंधात या जागी ‘प्रश्नावली अत्यंत विश्वसनीय आहे’ असे वाक्य पडते आणि गाडी पुढे सरकते. खरे तर शंका इथेच यायला हवी.

मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबॅक यांच्या १९५१ च्या लेखापासून रूढ झालेला हा अल्फा मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: प्रश्न किती आहेत आणि त्यांचा आपसांतला सरासरी सहसंबंध, म्हणजे एकाची उत्तरे दुसऱ्याच्या उत्तरांसोबत किती वर-खाली होतात, तो किती आहे. सरासरी ०.३० असेल तर ५ प्रश्नांवर अल्फा ०.६८ येतो, १० वर ०.८१ आणि २० वर ०.९०. एकमेकांशी जेमतेम ०.१० इतकेच नाते असलेले ४० प्रश्न गोळा केले, तरी तो ०.८२ भरतो! तेव्हा मोठा अल्फा म्हणजे सगळे प्रश्न एकच गोष्ट मोजतात, असे मुळीच नाही.

आपल्या प्रश्नावलीत लबाडी उलट बाजूने शिरली आहे. दहाच प्रश्नांवर ०.९४ यायला सरासरी सहसंबंध ०.६१ च्या आसपास लागतो, आणि तो आला कारण एकच प्रश्न शब्द फिरवून दहा वेळा विचारला आहे. नैराश्यात झोप बिघडते, भूक मंदावते किंवा वाढते, लक्ष लागत नाही, अपराधी वाटत राहते. ज्याची झोप उडाली आहे, कशात मन रमत नाही, पण जो स्वतःला ‘उदास’ म्हणवून घेत नाही, तो या जाळीतून सरळ निसटेल. निम्मी विधाने काढून त्या जागी ही लक्षणे घातली, तर सरासरी सहसंबंध ०.३५ वर घसरेल आणि अल्फा ०.८४ वर. आकडा उतरला, मोजमाप सुधारले. विश्वसनीयता, म्हणजे मोजमापातला सुसंगतपणा, वाढवण्याच्या नादात सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचे तेच मोजले जाणे, कमी होऊ शकते, हे जेन लव्हिंजर यांनी १९५४ मध्येच दाखवून दिले होते.

याचा अर्थ विश्वसनीयता दुय्यम आहे असा नव्हे. ती कमाल मर्यादा घालून देते: चाचणीची विश्वसनीयता ०.४९ असेल, तर निकष, म्हणजे ज्याच्याशी चाचणी ताडून पाहायची ते मोजमाप, कितीही अचूक असला तरी त्याच्याशी सहसंबंध ०.७० च्या वर जाऊ शकत नाही. फक्त, ती एका आकड्यात मावत नाही. दोन ते चार आठवड्यांनी तीच चाचणी त्याच लोकांना पुन्हा द्यावी. अंतर फार कमी ठेवले तर लोक जुनी उत्तरे आठवून लिहितात; फार वाढवले तर माणसेच बदललेली असतात. आणि नुसता सहसंबंध पाहून थांबू नये. दुसऱ्या वेळी प्रत्येकाचे ५ गुण वाढले तरी सहसंबंध पूर्ण १ येतो, म्हणून दोन्ही वेळची सरासरी शेजारी ठेवून पाहावी.

दोन निरीक्षक असतील तर टक्केवारीतले एकमत फसवते. १०० प्रसंगांपैकी प्रत्येकाने १० ठिकाणी ‘आक्रमक वर्तन’ अशी खूण केली, पण दोघांच्या खुणा जुळल्या फक्त ५ ठिकाणी. ‘नाही’वर ८५ वेळा जुळल्यामुळे एकमत ९० टक्के दिसते. पण ८२ टक्के एकमत तर निव्वळ योगायोगानेही पडले असते. योगायोगाचा वाटा वगळून एकमत मोजणारा आकडा, म्हणजे कोहेनचा ‘कप्पा’, काढला तर हाती ०.४४ उरतो. दुर्मीळ वर्तनाच्या अभ्यासात हा घोळ हमखास होतो.

सप्रमाणतेला असे सूत्र नाही, तिथे पुरावा जमवावा लागतो. कॅम्पबेल आणि फिस्क यांनी १९५९ मध्ये सुचवलेली तपासणी आजही सर्वांत कडक वाटते. नैराश्य आणि चिंता, दोन्ही गोष्टी प्रश्नावलीने मोजा आणि मुलाखतीनेही मोजा. नैराश्याच्या प्रश्नावलीचे नाते नैराश्याच्या मुलाखतीशी घट्ट हवे, चिंतेच्या प्रश्नावलीशी त्याहून सैल. पुष्कळदा निकाल उलटा लागतो, कारण एकाच माणसाने, एका बैठकीत, त्याच पाच पर्यायांवर खुणा केलेल्या असतात. मग जुळते ती खुणा करण्याची सवय.

शिवाय हे सगळे आकडे त्या चाचणीचे कायमचे गुण नसतात. ज्या गटावर काढले त्या गटातल्या गुणांचे असतात. वर झोप-भुकेची विधाने घातल्याने प्रश्नावली सुधारली. तीच वृद्धांना दिली तर? त्या वयात झोप कमी होणे, थकवा, भूक मंदावणे हे इतर आजारांमुळे किंवा औषधांमुळेही होते, आणि नैराश्य नसतानाही गुण चढतात. म्हणूनच वृद्धांसाठी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालेल्या ३० प्रश्नांच्या नैराश्य-मापनीतून शारीरिक लक्षणे मुद्दाम वगळली गेली.