शिडीला उडायचं नसतं, पुढे जायचं असतं

आमच्या सोसायटीचं रंगकाम संपलं त्या संध्याकाळी ठेकेदाराचा पोऱ्या व्हॅनच्या कॅरिअरवर शिडी चढवत होता. ॲल्युमिनियमची सरकती शिडी. मिटवल्यावर तेरा-एक फूट लांब, वजन पंधराएक किलो. त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या काढल्या, एक पुढे आणि एक मागे अशा शिडीवरून आडव्या घेतल्या, करकचून ताणल्या आणि शिडी दोन्ही हातांनी वर उचलून बघितली. हलेना.

"झालं काका. आता वाऱ्याच्या बापाला उडत नाही."

त्याचं म्हणणं बरोबरच होतं. पण वारा हा यातला किरकोळ गडी आहे. ताशी ८० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीवर समोरून येणारी हवा दर चौरस मीटरला जवळपास ३० किलो वजनाइतका जोर लावते. ऐकायला मोठं वाटतं. पण आडव्या ठेवलेल्या शिडीचा वाऱ्याला सामोरा जाणारा भाग असून असून चौरस मीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा. म्हणजे तीन किलो. भाजीची पिशवी.

खरा प्रश्न ब्रेकचा. ड्रायव्हर ब्रेक दाबतो तेव्हा गाडी थांबते, शिडीला मात्र कोणी काही कळवलेलं नसतं. ती आपल्या आधीच्याच वेगाने पुढे निघते. कोरड्या डांबरी रस्त्यावर कचकन ब्रेक लागला तर पंधरा किलोची शिडी साधारण १२ किलोच्या जोराने पुढे सरकू बघते. तिला अडवायला काय आहे? आडव्या पट्ट्या तिला खाली दाबतात, मागे ओढत नाहीत. मागे धरून ठेवायचं काम एकटं घर्षण करतं, आणि ॲल्युमिनियम व रंगवलेला लोखंडी पाइप यांच्यातलं घर्षण दाबाच्या ३० टक्के धरा. १२ किलो अडवायचे तर एकूण ४० किलोचा दाब हवा. पंधरा शिडीचे स्वतःचे, उरलेले पंचवीस पट्ट्यांनी द्यायचे. जमेल कदाचित. पण त्याच क्षणी चाक गतिरोधकावरून उडालं, तर शिडीचं वजन निमिषभर हिशोबातून गायबच होतं.

आता अपघात घ्या. ५० च्या वेगातली गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर तीच शिडी २०० किलोहून जास्त जोराने पुढे झेपावते. घर्षणाच्या भरवशावर तिला अडवायला ७०० किलोचा दाब लागेल. तेवढ्याने कॅरिअरच टपात बसेल. म्हणून वरून दाबणारे पट्टे कितीही घट्ट असोत, शिवाय एक दोर पुढच्या पायरीतून ओवून मागे, कॅरिअरच्या आडव्या पाइपाला बांधायलाच हवा. शिडी पुढे जाऊ लागली की हा दोर ताणला जातो आणि सरळ तिला धरतो. मधे घर्षणाची दलाली नाही.

सरकत्या शिडीत आणखी एक खोड आहे. ती एक वस्तू नसून दोन आहेत, आणि एकीने दुसरीतून सहज घसरावं अशीच त्यांची घडण आहे. खालचा भाग कॅरिअरला आवळून बांधला तरी वरचा मोकळाच राहू शकतो. ब्रेक लागला की तो खाचेतून भाल्यासारखा निघतो. म्हणून आधी दोन्ही भागांच्या पायऱ्या एकमेकींना बांधायच्या, मग शिडी गाडीला. हे मी त्या पोराला सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा शिडीकडे नीट बघू लागला.

दोर बांधताना गाठीपेक्षा वेढ्यांवर विश्वास ठेवावा. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने दाखवून दिलं, की खांबाला दिलेला प्रत्येक वेढा दोराची पकड वाढवतो ती बेरजेने नाही, गुणाकाराने. घर्षण तेच ३० टक्के धरलं तर एका वेढ्यानंतर मोकळ्या टोकाला एक किलोचा ताण असला, तरी पलीकडे साडेसहा किलो पेलले जातात. दोन वेढ्यांना ४३, तीन वेढ्यांना २८० च्या वर. धक्क्यावर भलीमोठी बोट एकटा खलाशी खुंटाला दोर गुंडाळून थोपवतो ते याच जोरावर. गंमत म्हणजे या सूत्रात खांबाची जाडी कुठेच येत नाही. तेव्हा कॅरिअरच्या पाइपाला आधी तीन वेढे आणि मग सुरगाठ. गाठीपर्यंत ताण अगदी थोडाच पोचतो, त्यामुळे निरगाठ मारून संध्याकाळी सुरी शोधत बसायचं कारण नाही.

ट्यूबच्या पट्ट्यांबद्दल माझं मत वाईट आहे. रबर ताणलं जातं हा त्याचा गुण आपल्याला वाटतो, पण शिडीला हलायला जागा तोच देतो. शिवाय ताणून ठेवलेलं रबर उन्हात आणि हवेतल्या ओझोनने तडकतं. नायलॉनचा दोर बरा, पण तो पाणी पितो आणि ओला झाला की जास्त ताणला जातो. पॉलिएस्टरचा पट्टा पावसाला फारसा दाद देत नाही.

मात्र हा चपटा पट्टा गाडी वेगात आली की थरथरतो आणि घोंघावतो. अडथळ्यामागे हवेचे भोवरे आलटून पालटून दोन्ही बाजूंनी सुटतात, त्यांचा हा आवाज. गोल दोराचा हिशोब सोपा आहे: ८ मिलिमीटर जाडीचा दोर ८० च्या वेगाला सेकंदाला भोवऱ्यांच्या ५५५ च्या आसपास जोड्या सोडतो. हार्मोनियमवर काळी एकचा तार षड्ज! बेसूर वाटत नसला तरी पट्ट्याची थरथर त्याचा ताण हळूहळू खाते. उपाय फुकटातला. पट्टा घट्ट करण्याआधी त्याला एक-दोन पीळ द्यायचे. मग जागोजागी त्याचं तोंड वाऱ्याला वेगळ्या कोनात येतं आणि भोवऱ्यांचा ताल जुळत नाही. कारखान्यांच्या काही पोलादी धुराड्यांवर वेलीसारखी गुंडाळत गेलेली पट्टी दिसते, तीही याचसाठी.

पोराने सगळं ऐकून घेतलं, गाडीतून दोर काढला, पायऱ्या बांधल्या, पाइपाला मोजून तीन वेढे दिले. ट्यूबच्या पट्ट्या मात्र सोडल्या नाहीत, म्हणाला, "राहू द्या काका, सवय आहे." मग मी त्याला एवढंच सांगितलं, की नवा दोर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरांत बसतो आणि सैल पडतो, तेव्हा चहाला थांबशील तिथे एकदा हात लावून बघ. चहाला तो थांबणार होताच.