डोमेन थिअरी
ऑर्डर थिअरीची (क्रमाने लावलेल्या सेटच्या गणिताची) ही एक शाखा, प्रोग्रामला गणिती अर्थ द्यायच्या खटपटीतून निघालेली. वेबसाइटच्या डोमेनशी किंवा फंक्शनच्या प्रांताशी हिची गल्लत करू नये. इथे डोमेन म्हणजे असा सेट की ज्यातल्या गोष्टी कुणात किती माहिती आहे या हिशेबाने लावलेल्या असतात, सगळ्यात तळाला बॉटम म्हणजे काहीच माहिती नाही (न थांबणारा प्रोग्राम इथेच बसतो), आणि माहिती वाढवत जाणाऱ्या प्रत्येक साखळीला वरती लिमिट मिळतं.

उगम साधारण १९६९चा धरतात. ऑक्सफर्डला क्रिस्टोफर स्ट्रेची प्रोग्रामिंग भाषांचा अर्थ लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये (सगळं फंक्शनांनीच लिहिणाऱ्या गणिती भाषेत) मांडत होते, आणि तर्कशास्त्रज्ञ डेना स्कॉट यांनी एका लेखात म्हटलं की अलोन्झो चर्च यांच्या त्या टाइप नसलेल्या (कुठली वस्तू कुठल्या प्रकारची हे न ठरवणाऱ्या) कॅल्क्युलसला धड मॉडेलच नाही, म्हणजे त्यातली चिन्हं नेमकी कशाबद्दल आहेत हे सांगणारी गणिती रचनाच नाही, त्यापेक्षा टाइप वापरा. अडचण खरीच होती, कारण तिथे प्रत्येक वस्तू फंक्शनही असते, म्हणजे एखादा सेट आणि त्याची स्वतःवरची सगळी फंक्शन्स यांची एकास एक जोडी लागायला हवी, आणि एकाहून जास्त घटक असले की कँटरच्या प्रमेयाने (सेटवरची फंक्शन्स त्याच्या घटकांपेक्षा जास्तच भरतात) ते अशक्य. हा विरोधाचा लेख लिहून झाल्यावर (छापून आला थेट १९९३ला) त्याच वर्षाच्या शेवटी मॉडेल सापडलं तेही स्कॉटनाच! सगळी फंक्शन्स घ्यायचीच नाहीत, लिमिट जपणारी म्हणजे कंटिन्युअस तेवढीच घ्यायची, मग जोडी जुळते.

श्रेयाबद्दल थोडे मतभेद आहेत. फिक्स्ड पॉइंटची (फंक्शन लावूनही न बदलणाऱ्या वस्तूची, खाली रिकर्शनचा अर्थ यानेच लागतो) कल्पना तर्कशास्त्रज्ञ क्लीनीच्या १९५२च्या पुस्तकात आहे, त्याबद्दलचं टार्स्कीचं प्रमेय १९५५चं, आणि रशियातल्या नोवोसिबिर्स्कला युरी येर्शोव्ह जवळपास स्कॉटच्याच काळात स्वतंत्रपणे अशाच रचनांपर्यंत पोचले होते. तरी सेट आणि त्याची फंक्शन्स यांची वरची जोडी जुळवणं हे स्कॉटचंच काम मानणं जास्त पटतं.

रिकर्शनचा (स्वतःलाच वापरणाऱ्या व्याख्येचा) अर्थ यात फार सुंदर लागतो. फॅक्टोरियल घ्या: सुरुवात कुठेच उत्तर न देणाऱ्या फंक्शनपासून, व्याख्या एकदा लावली की फक्त ०चं उत्तर येतं, दुसऱ्यांदा ० आणि १चं, तिसऱ्यांदा २पर्यंत, आणि या साखळीचं लिमिट म्हणजेच पूर्ण फॅक्टोरियल. हास्केल या प्रोग्रामिंग भाषेतल्या न संपणाऱ्या लिस्टचा अर्थही असाच लावतात.

मॉडेल भाषेपेक्षा मोठं निघतं ही मात्र खरी डोकेदुखी. गॉर्डन प्लॉटकिनने १९७७मध्ये पीसीएफ या छोट्या भाषेवर दाखवलं की मॉडेलमध्ये 'पॅरलल ऑर' आहे, म्हणजे एक बाजू खरी निघाली की दुसरी कायमची अडकली तरी खरं म्हणणारं फंक्शन, पण एका वेळी एकच बाजू तपासणाऱ्या त्या भाषेत ते लिहिताच येत नाही, त्यामुळे वागायला सारखे असलेले दोन प्रोग्राम मॉडेलमध्ये वेगळे पडू शकतात. यावर उतारा १९९०च्या दशकात गेम सिमँटिक्समधून (प्रोग्रामचा अर्थ दोन बाजूंच्या खेळासारखा मांडण्यातून) आला.

नॉन-डिटरमिनिझमसाठी, म्हणजे एकाच प्रोग्रामची अनेक उत्तरं शक्य असतात तेव्हा, पॉवरडोमेन (शक्य उत्तरांच्या सेटची डोमेन) आहेत (प्लॉटकिन, १९७६). गणितात अब्बास एडालात यांनी इंटिग्रेशन आणि रिअल नंबरच्या अचूक आकडेमोडीसाठी ही थिअरी वापरली, तिथे पाय (π) म्हणजे आधी ३ ते ४, मग ३.१ ते ३.२, मग ३.१४ ते ३.१५ असा आवळत जाणारा इंटरव्हल.