शॉर्टस्टॉपची बढती

बेसबॉलमध्ये धावणाऱ्याने क्रमाने गाठायच्या ठाण्यांना बेस म्हणतात; त्यांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या दरम्यान उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकाला शॉर्टस्टॉप म्हणतात. अमेरिकेतील मेजर लीगचे, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्तरावरचे, संघ होतकरू शॉर्टस्टॉपला सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा मायनर लीगच्या चढत्या पायऱ्यांवर घडवतात. त्याला मुख्य संघात नेमके केव्हा घ्यावे, हा प्रश्न खेळाच्या कौशल्याशी जितका, तितकाच करारांच्या नियमांशीही निगडित आहे.

बहुतेक फलंदाज उजव्या हाताने खेळत असल्यामुळे जमिनीवरून जाणारे पुष्कळ चेंडू शॉर्टस्टॉपच्या बाजूला येतात. फलंदाज पहिल्या बेसपर्यंतचे ९० फूट अंतर साधारण सव्वाचार सेकंदांत कापतो. तेवढ्या अवधीत शॉर्टस्टॉपला चेंडूपर्यंत धावत जाऊन तो उचलायचा, पाय सावरायचे आणि चेंडू थेट पहिल्या बेसवर फेकायचा असतो. या घाईत नवख्या खेळाडूकडून चुका होणारच. मात्र त्यांच्या आकड्यापेक्षा त्यांचे कारण महत्त्वाचे असते. ज्याला मुळात चेंडू गाठताच येत नाही, त्याची उणीव सहसा भरून निघत नाही; पायांची ठेवण चुकल्याने वाकडी जाणारी फेक मात्र सरावाने सुधारते. डेरेक जीटरने १९९३ साली ग्रीन्सबरो येथे सिंगल-ए स्तरावर खेळताना ५६ चुका केल्या होत्या. तरीही न्यूयॉर्क यँकीजने त्याची जागा बदलली नाही. हंगाम संपल्यावर प्रशिक्षक ब्रायन बटरफील्ड यांनी फ्लोरिडात त्याच्याकडून पदन्यास आणि चेंडू उचलण्याची पद्धत घोटून घेतली आणि १९९४च्या एकाच हंगामात तो ट्रिपल-एपर्यंत पोहोचला. २९ मे १९९५ रोजी मुख्य संघात आलेल्या जीटरला काही दिवसांतच परत पाठवण्यात आले. १९९६ साली मात्र तो नियमित शॉर्टस्टॉप झाला आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित म्हणून एकमताने निवडला गेला.

फलंदाजीची पारख अधिक अवघड असते. खरा कस डबल-एमध्ये लागतो, कारण वळणारे चेंडू हवे तिथे टाकणारे पिचर (चेंडू फेकणारे खेळाडू) तेथे नेहमी भेटू लागतात. अशा वेळी सरासरीपेक्षा (दर संधीमागे यशस्वी फटके, म्हणजे हिट), खेळाडू वाईट चेंडू सोडतो का आणि ज्या चेंडूने तो एकदा फसला तो पुढच्या भेटीत ओळखतो का, हे पाहणे अधिक भरवशाचे ठरते. सिअ‍ॅटल मरिनर्सने ॲलेक्स रॉड्रिगेझला ८ जुलै १९९४ रोजी, तो अवघा १८ वर्षांचा असताना, मैदानात उतरवले. १७ सामन्यांत त्याची सरासरी .२०४ राहिली. पुढचे वर्ष टॅकोमा (मरिनर्सचा ट्रिपल-ए संघ) आणि सिअ‍ॅटलदरम्यान येरझाऱ्या घालण्यात गेले. १९९६ साली मात्र त्याने .३५८ या सर्वाधिक सरासरीने लीगचे फलंदाजीचे विजेतेपद पटकावले. शॉर्टस्टॉप म्हणून घडलेल्या जॅक्सन हॉलिडेला बॉल्टिमोर ओरिओल्सने एप्रिल २०२४ मध्ये दुसऱ्या बेसवर खेळवले. १० सामन्यांतील ३४ संधींत त्याला केवळ दोन हिट मिळाल्या आणि तो ट्रिपल-एमध्ये परतला. अकाली बढतीने कारकीर्द संपतेच असे नाही, हे या उदाहरणांवरून दिसते. पण अपयशानंतर खेळाडूला शांतपणे परत पाठवून शिकू देण्याची तयारी संघाने आधीच ठेवायला हवी.

करारांची बाजू याहून वेगळी आहे. हंगामातील १७२ दिवस मुख्य संघात काढल्यास सेवेचे एक वर्ष धरले जाते आणि अशी सहा वर्षे भरल्यावर खेळाडू कोणत्याही संघाशी करार करण्यास मुक्त होतो. त्यामुळे सुरुवातीचे दोनेक आठवडे त्याला मायनर लीगमध्ये ठेवले, तर संघाला त्याच्यावर आणखी एक वर्ष हक्क मिळतो. शिकागो कब्जचा तिसऱ्या बेसवरील खेळाडू क्रिस ब्रायंट याला २०१५ साली असे १७१ दिवस, म्हणजे एकच दिवस कमी, मिळाले. याविरुद्धची त्याची तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली. नियमात बसणारी ही युक्ती तयार खेळाडूवर अन्याय करणारीच आहे. २०२२च्या सामूहिक करारानुसार सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्यास पूर्ण वर्षाची सेवा मिळू लागली. नामांकित नवोदितांना आरंभापासून खेळवणाऱ्या संघांना, तो खेळाडू मोठे पुरस्कार मिळवील तर, नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्ट) एक जादा संधीही ठेवण्यात आली.

शॉर्टस्टॉपची जागा आधीच भरलेली असल्यास नवोदिताला शेजारच्या बेसवर खेळवून त्याची फलंदाजी वाया जाऊ न देणे हा मधला मार्ग असतो. कॅन्सस सिटी रॉयल्सने बॉबी विट ज्युनियरला एप्रिल २०२२ मध्ये पहिल्याच सामन्यापासून तिसऱ्या बेसवर उभे केले. त्याच हंगामात तो शॉर्टस्टॉपच्या जागेवर आला आणि २०२४ साली त्या जागेसाठीचा गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार आणि लीगचे फलंदाजीचे विजेतेपद या दोन्हींचा तो मानकरी ठरला.