सोलच्या साध्या हॉटेलात शिरलात की काय मागवायचं
(आमच्यासोबत कोरियाला निघालेल्या मंडळींसाठी)

नमस्कार मंडळी. व्हिसा, तिकिटं, गरम कपडे वगैरेची यादी तुम्हाला आधीच मिळालीये, हा कागद फक्त खाण्याचा. टूरच्या आधीच्या मीटिंगला निम्मे प्रश्न खाण्याचेच येतात आणि सगळ्यांचा सूर एकच, "तिथे आपल्याला काही खायला मिळेल ना हो?" मिळेल. इतेवॉन भागात इंडियन हॉटेलं आहेत, एक रात्र आपण तिकडे जेवणारही आहोत, पण आठही दिवस पनीर बटर मसालाच खायचा असेल तर तेवढ्यासाठी विमानात बसायची गरज नव्हती असं आमचं स्पष्ट मत आहे. म्हणून चार जेवणं मुद्दाम तुमची तुमच्यावर सोडलीयेत, गल्लीतल्या साध्या हॉटेलात जा, जिथे ऑफिसची माणसं गळ्यात आयकार्ड लटकवून येतात आणि वीस मिनिटांत जेवून उठतात.

आता मेन्यू. भिंतीवर चाळीस पदार्थ लिहिलेले असतात आणि बघून छातीत धडकी भरते, पण त्यात एक गंमत आहे. कोरियन पदार्थाचं नाव शेवटाकडून वाचायचं. शेवटच्या एक-दोन अक्षरांत तो पदार्थ कुठल्या प्रकारचा आहे ते सांगितलेलं असतं, आधीच्या भागात त्यात काय घातलंय ते. बऱ्याच ठिकाणी खाली इंग्रजी अक्षरांत उच्चार पण दिलेला असतो, नसेल तर मोबाईलच्या भाषांतर अॅपचा कॅमेरा धरा.

पहिला शब्द पाठ करा, "बाप". हसू नका, बाप म्हणजे भात. आणि नुसता भात नाही, जेवण या अर्थाने पण तेच बाप, आपण जसं भेटल्यावर "जेवलात का" विचारतो तसं ते लोक "बाप खाल्लास का" विचारतात. तर नावाच्या शेवटी बाप आलं की भाताचा पदार्थ. किंबाप म्हणजे समुद्री शेवाळाच्या पातळ वाळवलेल्या पानात गुंडाळलेला भात, बिबिंबाप म्हणजे कालवलेला भात, पोक्कुम्बाप म्हणजे परतलेला भात. शेवटी "गुक" किंवा "थांग" असेल तर पातळ रस्सा, "च्चिगे" असेल तर तोच दाट, मातीच्या भांड्यात खदखदत येणारा. "म्यॉन" म्हणजे नूडल्स. "जॉन" म्हणजे धिरडं, अगदी आपलं धिरडंच, फक्त तेल सढळ हाताने सोडलेलं. "मुछिम" म्हणजे कोशिंबिरीसारखं कालवलेलं, "गुई" म्हणजे भाजलेलं, आणि "जुक" म्हणजे पेज. पोट बिघडलं तर जुकचं दुकान शोधा, तिथे जुकची वेगळी दुकानंच असतात, आजारी माणसाला ते लोकही तेच देतात.

बिबिंबापबद्दल जरा सविस्तर, कारण ग्रुपमधल्या बहुतेकांना तोच आवडतो. वाडग्यात भात, त्यावर पालक, मोड आलेले सोयाबीन, गाजर, मश्रूम अशा पाच-सहा भाज्या वेगवेगळ्या मांडलेल्या, वर अंडं, सोबत गोछुजांग म्हणजे लाल मिरचीची आंबवलेली गोडसर पेस्ट. जेओंजु शहराचा बिबिंबाप सगळ्यात नावाजलेला. हा प्रकार सुंदर दिसतो म्हणून लोक फोटो काढून तसाच कडेकडेने खायला लागतात, तसं नाही करायचं, पूर्ण कालवायचा, आपण वरण-भात कालवतो तसा, पण चमच्याने. मेन्यूवर "दोलसॉत" असं आधी लिहिलेलं असेल तर तो दगडी वाडग्यात येतो, भांडं इतकं तापलेलं असतं की हात लावू नका, मिनिटभर तसंच ठेवलं की तळाला भात धरतो आणि ती खरवड खरवडून खायची. ज्यांच्या घरी खिचडीच्या खरवडीवरून भांडणं होतात त्यांना हे सांगायला नको.

शाकाहारी मंडळींनी इथून पुढे नीट वाचा. तिथे नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही. "गोगी" म्हणजे मांस, आणि "गोगी नको" म्हटलं की ते बिचारे प्रामाणिकपणे मटणाचे तुकडे काढतात, पण रस्स्याचं पाणी बहुतेक ठिकाणी सुक्या बारीक माशांचं असतं, त्याला तिथे कोणी मांस समजतच नाही. किमचीतसुद्धा, म्हणजे त्यांच्या तिखट आंबवलेल्या कोबीतसुद्धा, सहसा खारवलेली कोळंबी नाहीतर मासळीचा अर्क असतो. तोकबोक्की म्हणजे लाल तिखट रश्श्यातल्या तांदळाच्या वड्या, तिचं पाणी पण माशाचंच, वर त्यात माशाच्या वड्या. बिबिंबापवरच्या गोछुजांगमध्ये कधीकधी बीफचा खिमा परतून घातलेला असतो. म्हणून तुम्हाला प्रत्येकाला एक पिवळं कार्ड दिलंय, त्यावर कोरियनमध्ये लिहिलंय की मांस, मासे, कोळंबी, माशाचं पाणी यातलं काहीच चालत नाही, अंडं चालतं की नाही त्यावर तुम्ही पेनाने खूण करा. कार्ड ऑर्डर द्यायच्या आधी दाखवा, नंतर दाखवून उपयोग नाही, आणि कार्ड वाचून मालकीणबाईंनी हातांची फुली करून दाखवली तर वाईट वाटून घेऊ नका, त्या खरं सांगतायत, पुढचं हॉटेल बघा.

मग खायचं काय? किंबापच्या दुकानात रोल समोरच वळून देतात, तिथे "हेम" म्हणजे हॅम आणि "मात्साल" म्हणजे खेकड्याच्या चवीची माशाची कांडी काढायला सांगितली की उरतं भात, पालक, गाजर, पिवळा मुळा आणि अंडं. "काढून" याला शब्द आहे "प्पेगो". गोगी प्पेगो, केरान प्पेगो म्हणजे अंडं काढून. उन्हाळ्यात जाताय तर "खोंगुक्सू" सोडू नका, सोयाबीन भिजवून वाटून काढलेल्या थंडगार दुधात नूडल्स, वर काकडी. त्यात मीठ घालायचं असतं, पण जेओल्ला प्रांतातले लोक साखर घालतात आणि यावरून त्यांच्यात तावातावाने वाद होतात, आपल्याकडे आमटीत गूळ हवा की नको यावर होतात तसेच. लाल भोपळ्याची पेज होबाक्जुक, बटाट्याचं धिरडं गाम्जाजॉन, ओकच्या फळाच्या पिठाची थरथरणारी वडी दोतोरीमुक, हे प्रकार बहुतेक वेळा चालतात. तवा वेगळा असेल याची खात्री मात्र आम्ही देणार नाही. आणि जोग्येसा मंदिराच्या आसपास, इन्सादोंगकडे, बौद्ध मठाच्या पद्धतीचं जेवण मिळतं, त्यात मांस-मासे तर नाहीतच पण कांदा-लसूणही नाही. कंदमुळं असतात, त्यामुळे जैन मंडळींनी आधी आमच्याशी बोला. हे जेवण साध्या हॉटेलापेक्षा बरंच महाग पडतं तेही आधीच सांगून ठेवतो.

नॉनव्हेज खाणाऱ्यांसाठी काम सोपं आहे पण प्राणी ओळखायला शिका. "दाक" कोंबडी, "त्वेजी" डुक्कर, "सो" म्हणजे गाय-बैल, "हेमुल" म्हणजे समुद्रातलं मिक्स, "ओजिंगॉ" स्क्विड. बीफ न खाणाऱ्यांनी सॉलॉंगथांग टाळा, तो दुधासारखा पांढरा रस्सा बैलाच्या हाडांचा असतो, आणि नेंगम्यॉन या बर्फाळ नूडल्सचं पाणी पण सहसा बीफचंच. कोंबडीवाल्यांनी साम्ग्येथांग मागवा, एक अख्खं लहान कोंबडं, पोटात चिकट तांदूळ, लसूण, लाल बोर आणि जिन्सेंग नावाचं औषधी मूळ भरून शिजवलेलं. गंमत म्हणजे हा वाफाळता पदार्थ ते लोक जुलै-ऑगस्टच्या सगळ्यात उकाड्याच्या तीन ठरलेल्या दिवशी रांगा लावून खातात, उष्णतेला उष्णतेने मारायचं म्हणे. त्यात तिखट काहीच नाही, मीठ पण वेगळं देतात, त्यामुळे कोल्हापूरकरांना तो आजारपणातला वाटतो, आम्हाला आवडतो.

सुन्दे नावाने फसू नका. मागच्या ग्रुपमधल्या एक काकू आईस्क्रीम समजून बोट दाखवून मोकळ्या झाल्या आणि समोर आली डुकराच्या आतड्यात रक्त आणि शेवया भरून केलेली काळी कापं. उलट बुंगॉप्पांग, त्याचा आकारही मासा, नावही माशाचं, आणि आत निव्वळ लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण. हिवाळ्यात गाडीवर मिळतं, गरम खा.

तोकबोक्की, किंबाप, रामेन, तळण हे सगळं एकाच दुकानात मिळतं त्याला "बुन्सिक" म्हणतात, शाळा सुटल्यावर पोरांचा अड्डा. बुन्सिकचा अर्थच पिठाचं खाणं, कारण 1960-70 च्या काळात तांदूळ पुरत नव्हता आणि सरकार गव्हाचं खा म्हणून मागे लागलं होतं, शाळेत डब्यातल्या भातात दुसरं धान्य मिसळलंय का तेसुद्धा तपासायचे. सोलच्या शिन्दांग-दोंगमध्ये तोकबोक्कीची अख्खी गल्ली आहे, आपण तिथून जाणार आहोत. या वड्या तांदळाच्या, चिवट, चावायला वेळ लागतो, दातांचं काम चालू असलेल्यांनी जपून. तिखट आपल्याला सोसतं, पण ते गोड-तिखट असतं आणि पहिल्या घासाला "एवढंच?" म्हणणारा माणूस सहाव्या घासाला पाणी शोधतो.

पाऊस लागला तर सरळ धिरड्याच्या हॉटेलात शिरा. आपल्याकडे पाऊस म्हणजे भजी तसं त्यांच्याकडे पाऊस म्हणजे पाजॉन, पातीच्या कांद्याचं धिरडं, आणि सोबत माक्कॉल्ली ही तांदळाची पांढरट दारू, वाडग्यातून. तव्यावरचा आवाज पावसासारखा येतो म्हणून असं काही जण सांगतात. ग्वांगजांग मार्केटमध्ये मूग जात्यावर दळून बिंदेत्तॉक करतात, मुगाचं जाड धिरडं, फक्त आत डुक्कर घातलंय का ते विचारून घ्या. आणि सुजेबी नावाचा प्रकार बघून माझी आई म्हणाली होती की अगं या तर चकोल्या, फक्त वरण घालायला विसरलेत. बरोबर होतं तिचं, कणकेऐवजी मैद्याचे हाताने तोडलेले तुकडे, रस्सा माशाचा नाहीतर शिंपल्यांचा.

आता टेबलावरच्या गोष्टी. बसलात की न मागता चार-पाच वाट्या समोर येतात, किमची, परतलेले मासे, पालक, बटाटा, त्यांना पान्छान म्हणतात. "आम्ही हे मागवलं नाही" असं सांगून परत पाठवू नका, ते जेवणातच धरलेलं असतं, आणि संपलं की आणखी मिळतं, "तॉ जुसेयो" म्हणजे अजून द्या. कुठे कुठे स्वतः उठून आणायचं असतं. पण ताटात ढीग करून टाकून देऊ नका, ते फार वाईट दिसतं, आणि ते चेहऱ्यावरून कळतं. पाणी पण बहुतेक ठिकाणी आपलं आपण घ्यायचं. चमचे आणि चॉपस्टिक कुठे दिसत नसतील तर टेबलाच्या कडेला खाली हात घाला, ड्रॉवर असतो, पहिल्यांदा कोणालाच सापडत नाही. चॉपस्टिक स्टीलच्या आणि चपट्या, निसटतात, पण भात आणि रस्सा चमच्यानेच खायचा असतो त्यामुळे अडत नाही. भात झाकणाच्या स्टीलच्या डब्यात येतो, अगदी आपल्या मांडणीतला वाटावा असा. डबा हातात उचलून तोंडाला लावू नका आणि भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका, पितरांच्या विधीत तसं दिसतं. टेबलावर कात्री आली तर घाबरायचं नाही, ती नूडल्स आणि मांस कापायला असते.

भाजलेलं मांस, मोठ्या भांड्यातलं च्चिगे असे पदार्थ बऱ्याचदा किमान दोन माणसांचेच मिळतात, "इ इन्बुन" म्हणजे दोघांचं. म्हणून एकेकट्याने न जाता तीन-चार जण मिळून जा, प्रत्येकाने वेगळं मागवा, मधे ठेवा, सगळ्यांनी खा. वेटरला बोलवायला बेल असते नाहीतर "छॉगियो" अशी हाक मारा, हाक मारणं तिथे उद्धट समजत नाहीत. काही ठिकाणी दाराशीच स्क्रीनवर ऑर्डर आणि पैसे दोन्ही आधी होतात. दुपारी तीन ते पाच पुष्कळ हॉटेलं बंद असतात, त्यामुळे राजवाडा बघून साडेतीनला जेवू असा पुणेरी बेत आखू नका.

एक प्रश्न सगळे दबक्या आवाजात विचारतात तो पण इथेच, चुकून कुत्र्याचं मांस तर येणार नाही ना? नाही. ते वेगळ्या ठराविक दुकानांतच असायचं, आणि जानेवारी 2024 मध्ये तिथल्या संसदेने त्यावर बंदीचा कायदा केलाय, 2027 पासून तो धंदाच गुन्हा.

टीप ठेवायची नाही, ठेवलीत तर मागे पळत येऊन परत देतील. बिल टेबलावर मागवायचं नाही, उठून दाराशी काउंटरला द्यायचं आणि "छाल मॉगॉस्सुम्निदा" म्हणायचं, म्हणजे छान जेवलो, मालकीणबाईंचा चेहरा बघा मग. काउंटरशेजारी पुष्कळदा छोटं कॉफी मशीन असतं, कागदी कपात दूध-साखरेची गोड कॉफी, बहुतेक वेळा फुकट. चहा मात्र आपला असा मिळत नाही, प्रीमिक्सच्या पुड्या सामानात टाका, हॉटेलच्या खोलीत किटली असते.