चोपण जमीन आतून पाहताना

पाटाचं पाणी खान्देशाला नवं नाही. पांझरा नदीवरचे बंधारे आणि त्यांवरची सामूहिक सिंचनाची फड पद्धत काही शतकं गावकऱ्यांनीच चालवली. फडात पाणी आणणाऱ्या चाऱ्या होत्या, तशीच जादा पाणी परत नदी-नाल्यात सोडणारी सांडमही होती. मला ही सांडम फार मोलाची वाटते. पुढे गिरणा, हतनूर अशी धरणं झाली, पाणी वाढलं. निचऱ्याची काळजी मात्र तेवढी वाढली नाही. भारी काळ्या जमिनी कुठे क्षार साठून खारवट, कुठे सोडियम वाढून चोपण होत गेल्या.

अशी जमीन ओळखायची कशी, याचे आकडे अमेरिकेच्या क्षार प्रयोगशाळेने १९५४ साली रूढ केले: मातीच्या अर्काची विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली तर क्षारयुक्त, विनिमयक्षम (म्हणजे मातीच्या कणांना धरून असलेला, अदलाबदल होऊ शकणारा) सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेला तर चोपण. माती परीक्षणात आजही हेच आकडे वापरतात. पण त्यासाठी माती कुटून चाळावी लागते आणि तिची घडण तिथेच मोडते.

घडण न मोडता माती पाहायचा मार्ग ऑस्ट्रियाचे वॉल्टर कुबिएना यांनी १९३८च्या पुस्तकातून रुळवला. अखंड ढेकूळ सुकवून राळेत मुरवायचं, घट्ट झालं की काप काढून ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासायचा. खारवट माती घासताना पाणी चालत नाही, मीठच विरघळून जातं. म्हणून तेल वापरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशात चुनखडीचे कण झगझगीत रंगांत उठून दिसतात, जिप्सम करडं दिसतं आणि साधं मीठ काळोखात हरवतं.

चोपण मातीत खरी नजर ठेवायची ती पोकळ्यांवर. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, पाण्याबरोबर खाली सरकतात आणि बारीक वाटा बुजवतात. वर पाणी साचतं, खाली मुळं कोरडी राहतात, ते यामुळेच.

शेजारच्या पूर्णा खोऱ्यात तर ओलिताशिवायही जमिनी चोपण झाल्याचं नागपूरच्या मृद सर्वेक्षण संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवलं. कोरड्या हवेत कॅल्शियम चुनखडी होऊन बसतो, द्रावणात सोडियम वरचढ ठरतो. जिप्सम टाकल्यावर कॅल्शियम परत मिळतो, पण सुटलेला सोडियम वाहून न्यायला निचऱ्याची चारी नसेल तर तो शेतातच राहतो. चारी आधी खणावी, जिप्सम मागून टाकावं.